आल्फ्रेड क्रुप

आल्फ्रेड क्रुप (जन्म : २६ एप्रिल १८१२, एसेन, मृत्यू : १४ जुलै १८८७, एसेन) हे एकोणिसाव्या शतकातील जर्मन पोलाद उद्योजक होते. वडिलांकडून आलेला, कर्जात बुडालेला छोटा कारखाना त्यांनी सुमारे ६० वर्षांत युरोपातील सर्वांत मोठ्या पोलाद कारखान्यांपैकी एक बनवला. पोलादी तोफा बनवणारे म्हणून त्यांचे नाव जगभर झाले आणि इतिहासाच्या पुस्तकांत ते बहुधा तेवढ्यासाठीच येते. तथापि त्यांच्या कारखान्याचा आर्थिक पाया तोफांनी घातला नाही. तो रेल्वेच्या चाकांवर बसवल्या जाणाऱ्या, तापवून लाटलेल्या बिनसांध्याच्या पोलादी धावांनी घातला. एकमेकांत गुंतलेली तीन वर्तुळे हे क्रुप कंपनीचे चिन्ह पुष्कळांना तोफांच्या नळ्यांची तोंडे वाटतात. प्रत्यक्षात ती या तीन धावा आहेत.

कौटुंबिक पार्श्वभूमी

क्रुप घराणे एसेन गावातील जुन्या व्यापारी घराण्यांपैकी एक होते. आल्फ्रेड यांचे वडील फ्रीडरिख क्रुप यांनी १८११ साली ओतीव पोलादाचा कारखाना काढला. त्या काळी उत्तम पोलाद इंग्लंडमधील शेफील्ड येथून येत असे. १७४० च्या दशकात बेंजामिन हंट्समन याने तेथे बंद मुशीत पोलाद वितळवण्याची पद्धत बसवली होती. नेपोलियनने इंग्लंडच्या मालावर युरोपात बंदी घातल्याने हा पुरवठा तुटला आणि ते पोलाद आपण बनवावे, असे अनेकांच्या मनात आले. मुशीतील पोलाद ही गोष्ट भारताला नवी नव्हती. दक्षिण भारतात, विशेषतः हैदराबाद संस्थानातील कोनासमुद्रम परिसरात, लहान मुशींमध्ये असे पोलाद शतकानुशतके होत असे आणि ते इराणपर्यंत जात असे. मात्र या भारतीय पोलादाच्या लहान वड्या तलवारीसाठी पुरेशा असल्या, तरी यंत्रयुगाला मोठे गट्टू हवे होते.

फ्रीडरिख यांना पोलाद साधले, पण व्यवहार साधला नाही. वाडवडिलांची मालमत्ता प्रयोगांत खर्ची पडली. १८२४ मध्ये कुटुंबाला गावातील मोठे घर सोडून कारखान्याशेजारी मुकादमासाठी बांधलेल्या लहानशा घरात राहायला जावे लागले. ८ ऑक्टोबर १८२६ रोजी फ्रीडरिख यांचा मृत्यू झाला, तेव्हा ते ३९ वर्षांचे होते. मागे राहिले ते कर्ज, जेमतेम सात कामगार, पत्नी टेरेझा आणि चार मुले. त्यांपैकी आल्फ्रेड हा थोरला मुलगा. वय १४ वर्षे.

सुरुवातीची वर्षे

आल्फ्रेड यांची शाळा तेथेच संपली. कारखाना आईच्या नावावर राहिला आणि भट्टीचे काम मुलाने पाहायचे, असे ठरले. नाण्यांचे ठसे, चामडे कमावणाऱ्यांची हत्यारे, कानशी, सोनारांना व टांकसाळींना लागणारे लहान रोलर असा माल तेथे होत असे. दिवसा भट्टी आणि रात्री हिशेब व पत्रव्यवहार असा त्यांचा क्रम होता. माल खपवण्यासाठी ते स्वतः गावोगाव फिरत. एका ऑर्डरच्या पैशांतून मागच्या आठवड्याची मजुरी भागवायची आणि कच्च्या मालाची उधारी पुढे ढकलायची, अशी ही वर्षे गेली. पुढच्या आयुष्यात बँकांविषयी, भागीदारांविषयी आणि एकूणच परक्या पैशांविषयी त्यांच्या मनात जो संशय कायम राहिला, त्याचे मूळ याच काळात शोधावे लागते.

१८३४ मध्ये जर्मन राज्यांचा जकात संघ अस्तित्वात आला. तोवर एका संस्थानातून दुसऱ्या संस्थानात माल नेताना प्रत्येक सीमेवर जकात भरावी लागे. ती नाहीशी झाल्याने बाजारपेठ एकदम विस्तारली. त्याच सुमारास एका नातेवाइकाचे भांडवल मिळाले आणि कारखान्यात पहिले वाफेचे यंत्र बसले. तोपर्यंत घण चालवण्यासाठी ओढ्याच्या पाण्यावर विसंबावे लागत असे आणि पाणी आटले की काम थांबे.

१८३८-३९ मध्ये आल्फ्रेड फ्रान्स व इंग्लंडच्या दौऱ्यावर गेले. इंग्रज पोलाद इतके चांगले का होते, हे पाहणे हा दौऱ्याचा उघड न केलेला हेतू होता. त्यासाठी ते तेथे नाव बदलून वावरले. त्यांचे जन्मनाव आल्फ्रीड असे होते. या दौऱ्यानंतर ते इंग्रजी वळणाने आल्फ्रेड असे लिहू लागले. दुसऱ्याचे गुपित मिळवायला निघालेला हा माणूस स्वतःच्या कारखान्याच्या गुपितांबाबत मात्र पुढे अतिशय कडक झाला.

या काळात कारखान्याला तारले ते चमच्यांनी. धाकटे भाऊ हेर्मान यांनी चमचे व काटे लाटण्याचे यंत्र विकसित केले. रोलरच्या पृष्ठभागावरच चमच्याचा आकार व नक्षी कोरलेली असे. धातूची पट्टी दोन रोलरांमधून गेली की आकार व नक्षी एकाच फेरीत उमटत. हे यंत्र आणि त्याचे हक्क विकून चांगला पैसा आला. ऑस्ट्रियातील बेर्नडॉर्फ येथे एका भागीदाराबरोबर चमच्यांचा कारखाना निघाला आणि हेर्मान तिकडे गेले. फिरत्या रोलरांमध्ये तापलेल्या धातूला हवा तो आकार देता येतो, हा धडा क्रुप बंधूंनी आधी जेवणाच्या टेबलावरील वस्तूंवर गिरवला, असे म्हणता येईल.

२४ फेब्रुवारी १८४८ रोजी आल्फ्रेड कारखान्याचे एकमेव मालक झाले. हेर्मान यांच्या वाट्याला बेर्नडॉर्फ आले होते. सर्वांत धाकटे भाऊ फ्रिट्झ यांना मोबदला देऊन बाजूला करण्यात आले. कारखान्यात काम केलेल्या फ्रिट्झ यांना ही व्यवस्था जिव्हारी लागली. वेळही वाईट होती. त्याच दिवसांत पॅरिसमध्ये क्रांती झाली, तिचे लोण जर्मनीत पसरले आणि व्यापार ठप्प झाला. कामगारांची संख्या घटून सत्तरच्या आसपास आली. उरलेल्यांची मजुरी देण्यासाठी आल्फ्रेड यांनी घरातील चांदीची भांडी वितळवली.

बिनसांध्याची धाव

१८४७ मध्ये कोलोन-मिंडेन रेल्वेचा मार्ग एसेनजवळून सुरू झाला. या कंपनीने १८४९ मध्ये क्रुप यांच्याकडून आस व स्प्रिंगा घेतल्या आणि आल्फ्रेड यांचे लक्ष रेल्वेच्या चाकाकडे वळले.

रेल्वेच्या चाकाची रचना त्या काळी आपल्याकडील बैलगाडीच्या चाकासारखीच दोन भागांची होती. बैलगाडीच्या चाकात तुंबा, आरे आणि लाकडी घेर यांभोवती लोखंडी धाव असते. लोहार लोखंडी पट्टी वाकवून तिची टोके भट्टीत एकजीव करतो, धाव लाल होईपर्यंत तापवतो आणि प्रसरण पावलेली धाव चाकावर चढवून पाणी ओततो. थंड होताना ती आकसते व घेराला घट्ट आवळते. रेल्वेच्या चाकाच्या मधल्या भागावरही अशीच धाव तापवून चढवत असत. रुळावर घासून झिजायची ती ही धाव, आणि झिजली की बदलायचीही तीच. फरक होता तो वेग व भाराचा. बैलगाडीची धाव सांध्यात उकलली, तर गाडी रस्त्याच्या कडेला उभी राहते. धावत्या आगगाडीची धाव तुटली, तर डबे रुळांवरून उतरतात.

तुटण्याची जागा बहुतेक वेळा सांधाच असे. मऊ लोखंडाची टोके तापवून व ठोकून जोडता येत, पण तो जोड इतर भागाइतका भरवशाचा नसे. शिवाय मऊ लोखंड लवकर झिजे. पोलाद झिजेला टिकते, परंतु ज्या कार्बनमुळे ते कठीण होते, त्याच कार्बनमुळे त्याचा भट्टीतील जोड नीट बसत नाही. लोखंड घ्यावे तर झीज आणि पोलाद घ्यावे तर कच्चा सांधा, असा हा पेच होता. हा धोका किती खरा होता, हे २४ डिसेंबर १८७४ रोजी इंग्लंडमधील शिप्टन-ऑन-चेरवेल येथे दिसले. तेथे एका डब्याच्या चाकाची धाव तुटून झालेल्या अपघातात ३४ प्रवासी मृत्युमुखी पडले.

क्रुप यांनी पेच सोडवला तो सांधाच काढून टाकून. १८५२-५३ मध्ये त्यांनी सिद्ध केलेली पद्धत सांगायला सोपी आहे. ओतीव पोलादाचा गट्टू तापवून व ठोकून त्याची जाड, आयताकार कांब करायची. कांबेच्या दोन्ही टोकांजवळ एकेक भोक पाडायचे आणि त्या दोन भोकांमध्ये लांबीच्या दिशेने चीर द्यायची. कांब पुन्हा तापवून या चिरेत पाचरी ठोकायच्या. चीर रुंदावत जाते. आधी शिंपल्यासारखा, मग लंबगोल आणि शेवटी गोल आकार येतो. असे जाड, लहान, बेढब कडे तयार झाले की ते तापवून लाटणयंत्रावर चढवायचे. कड्याच्या आतून एक रोलर, बाहेरून दुसरा. दोन्ही फिरत असताना त्यांतील अंतर हळूहळू कमी केले की कड्याची भिंत पातळ होत जाते आणि घेर वाढत जातो.

यामागचे गणित पोळी लाटणाऱ्या कोणालाही परिचित आहे. धातू कमी किंवा जास्त होत नाही, तो फक्त सरकतो. कड्याची रुंदी तेवढीच ठेवून भिंतीची जाडी निम्मी केली, तर त्याचा सरासरी घेर दुप्पट झालाच पाहिजे. बाहेरच्या रोलरला योग्य खाच ठेवली की चाक रुळावरून घसरू नये म्हणून लागणारी आतली कडही त्याच लाटणीत तयार होते. आणखी एक लाभ आहे आणि तो अधिक महत्त्वाचा आहे. लाटताना पोलादाच्या अंतर्रचनेतील कण वर्तुळाच्या दिशेने ताणले जातात. त्यांची ओळ कोठेही तुटत नाही. चाकावर आवळून बसलेल्या धावेला ताण याच दिशेने सोसावा लागतो, त्यामुळे लाटलेले कडे ओतलेल्या किंवा पत्र्यातून कापलेल्या कड्यापेक्षा बळकट ठरते.

सांगायला सोपी असली, तरी ही पद्धत करायला अवघड होती. पोलाद पुरेसे तापले नाही तर चिरेच्या टोकांना भेगा पडतात. जास्त तापले तर ते जळते. रोलर घाईने आवळला तर कडे लंबगोल होते. त्यातच मुशीतील ओतीव पोलाद सर्वत्र सारखे निघणे ही मूळ अट होती. एका मुशीत दोन माणसांना चिमट्याने उचलता येईल एवढेच पोलाद मावे. मोठा गट्टू हवा असेल, तर अनेक मुशी एकामागून एक, मध्ये खंड न पडता ओताव्या लागत; प्रवाह तुटला तर आत थर राहून गट्टू वाया जाई. त्यासाठी एसेनच्या ओतशाळेत कामगारांना कवायतीसारखी शिस्त लावण्यात आली होती. १८५१ च्या लंडन प्रदर्शनात क्रुप यांनी ठेवलेला सुमारे २ टनांचा एकसंध गट्टू पाहून इंग्रज कारखानदार चकित झाले ते याच कारणाने. या गट्टूला तेथील सर्वोच्च पदकांपैकी एक मिळाले.

१८५३ मध्ये धावेच्या पद्धतीचे प्रशियात पेटंट मिळाले. पेटंटची मुदत संपत आली तेव्हा व्यापारखात्याने ती वाढवण्यास नकार दिला. पुढे राजप्रतिनिधी विल्हेल्म यांच्या पाठिंब्याने मुदतवाढ मिळाली. ती वर्षे मोलाची ठरली. जर्मन रेल्वे कंपन्यांनंतर इतर देशांतून मागणी आली आणि अमेरिकेतील रेल्वे कंपन्या तर सर्वांत मोठ्या गिऱ्हाइकांपैकी झाल्या. रूळ एकदा टाकले की वर्षानुवर्षे टिकतात, पण धाव झिजते आणि पुन्हा घ्यावी लागते. धंद्याच्या दृष्टीने यापेक्षा चांगला माल शोधून सापडला नसता. १८७५ मध्ये कंपनीने तीन धावांचे चिन्ह अधिकृतपणे नोंदवले.

तोफा

पोलादाची तोफ हा क्रुप यांचा जुना नाद होता. १८४७ मध्ये त्यांनी ओतीव पोलादाच्या नळीची एक लहान तोफ प्रशियाच्या युद्धखात्याला दिली. खात्याने ती दोन वर्षांनी तपासली आणि विकत घेण्याचे टाळले. सेनाधिकाऱ्यांचा भरवसा काशाच्या तोफांवर होता. पोलाद महाग होते आणि ते ठिसूळपणे फुटेल, अशी भीती होती. १८५० च्या दशकात इजिप्तकडून पहिली लक्षणीय मागणी आली. १८५९ मध्ये प्रशियाने तीनशेहून अधिक नळ्या मागवल्या. तोवर या तोट्याच्या नादाचा खर्च बऱ्याच अंशी धावांच्या नफ्यातून निघत होता.

१८६६ च्या ऑस्ट्रियाविरुद्धच्या युद्धात क्रुपच्या काही तोफा मागील बाजूने फुटून प्रशियाचेच सैनिक दगावले. क्रुप यांना हा मोठा धक्का होता. त्यांनी रचनेत सुधारणा केल्या, आणि १८७०-७१ च्या फ्रान्सविरुद्धच्या युद्धात मागून भरायच्या पोलादी तोफांनी फ्रेंचांच्या काशाच्या तोफांवर निर्विवाद मात केली. त्यानंतर रशिया, तुर्कस्तान आणि इतर अनेक देशांनी क्रुप तोफा घेतल्या. परस्परांशी वैर असलेल्या राष्ट्रांना एकच कारखानदार शस्त्रे विकतो, यावर तेव्हाही टीका झाली आणि आजही होते. ती टीका रास्त आहे. आपला माल कोणाविरुद्ध वापरला जाईल, हा प्रश्न क्रुप यांनी धंद्याच्या आड फारसा येऊ दिला नाही.

कारखान्याचा विस्तार आणि आर्थिक संकट

१८६१ मध्ये एसेन येथे 'फ्रिट्झ' नावाचा वाफेचा प्रचंड घण बसवण्यात आला. त्याच्या पडणाऱ्या भागाचे वजन पुढे ५० टनांपर्यंत वाढवण्यात आले. त्याच्या ठोक्याने आसपासची घरे हादरत. १८६२ मध्ये युरोप खंडात प्रथम बेसेमर पद्धत सुरू करणाऱ्यांत क्रुप होते. या पद्धतीत वितळलेल्या बिडातून हवा फुंकून काही मिनिटांत टनांनी पोलाद होते. काही वर्षांनी सीमेन्स-मार्टिन भट्ट्याही आल्या. मुशीतील पोलाद मग तोफा व इतर विशेष कामांपुरते राखले जाऊ लागले. कोळसा व लोहखनिजासाठी दुसऱ्यावर विसंबू नये म्हणून क्रुप यांनी जर्मनीतील खाणी व झोतभट्ट्या घेतल्या, तसेच स्पेनमधील लोहखनिजाच्या खाणींत हिस्सा मिळवला.

हा विस्तार उधारीवर चालला होता. १८७३ मध्ये व्हिएन्नाचा शेअरबाजार कोसळला, मंदी आली आणि क्रुप यांना देणी भागवता येईनात. १८७४ मध्ये बँकांच्या संघाकडून ३ कोटी मार्कांचे कर्ज घ्यावे लागले आणि त्याबरोबर कारखान्याच्या हिशेबांवर बँकांची देखरेखही स्वीकारावी लागली. बाहेरच्या माणसाला हिशेबाची वही दाखवायची नाही, हे ज्यांनी आयुष्यभर पाळले, त्यांना ही मानहानी वाटली आणि काही काळ ते आजारीच पडले.

कामगारांशी संबंध

क्रुप यांच्या चरित्रातील सर्वांत गुंतागुंतीचा भाग हा आहे. १८३६ मध्येच कारखान्यात कामगारांसाठी आजारपणाचा निधी सुरू झाला होता आणि १८५० च्या दशकात तो सर्वांना सक्तीचा झाला. त्यापाठोपाठ निवृत्तिवेतन आले. १८६० च्या दशकापासून कामगारांच्या वसाहती उभ्या राहिल्या. वेस्टएन्ड, क्रोनेनबेर्ग, शेडरहोफ अशा वसाहतींत घरे, बाजार व शाळा होत्या. स्वस्त दराचे भांडारही कारखान्याने चालवायला घेतले. जर्मनीत सरकारी कामगार विमा येण्याच्या कित्येक वर्षे आधीची ही व्यवस्था होय. एसेनकडे खेड्यापाड्यांतून येणाऱ्या मजुराला तेव्हाच्या रूर खोऱ्यात याहून सुरक्षित काम क्वचितच मिळाले असते.

या सोयींची किंमत आज्ञापालन ही होती. घर कारखान्याचे, त्यामुळे नोकरी गेली की घरही जाई. १८७२ मध्ये क्रुप यांनी ७२ कलमांची सर्वसाधारण नियमावली जारी केली. तीत मालकापासून खालपर्यंत प्रत्येकाचे अधिकार व कर्तव्ये ठरवलेली होती, आणि कामगाराने निष्ठा बाळगावी हेही त्यात होते. त्याच वर्षी रूर खोऱ्यातील खाणकामगारांचा मोठा संप झाला होता. १८७७ मध्ये त्यांनी कामगारांना उद्देशून एक पत्रक काढून समाजवादी चळवळीपासून दूर राहण्यास बजावले. संशयितांना कामावरून काढण्यात आले. कामगार घरी काय वाचतात आणि कोणाला मत देतात, हाही आपल्या अधिकाराचा विषय आहे, असे त्यांना मनापासून वाटत असे. त्यांना केवळ दयाळू मालक किंवा केवळ हुकूमशहा ठरवणारी चरित्रे या दोन बाजूंपैकी एकीकडे डोळेझाक करतात.

क्रुप यांच्या मृत्यूच्या वेळी कामगारांची संख्या सुमारे २०,००० होती.

वैयक्तिक जीवन

१९ मे १८५३ रोजी, म्हणजे धावेच्या पेटंटच्याच वर्षी, त्यांचा विवाह बेर्टा आइशहोफ यांच्याशी झाला. त्यांच्या पत्नीपेक्षा ते सुमारे २० वर्षांनी मोठे होते. पुढील वर्षी एकुलता मुलगा फ्रीडरिख आल्फ्रेड याचा जन्म झाला. संसार सुखाचा म्हणता येणार नाही. घर कारखान्याच्या आवारात होते. धूर, काजळी आणि घणांचे हादरे यांत राहणे बेर्टा यांना सोसले नाही आणि त्या बराच काळ हवापालटासाठी दूर राहत. १८८२ नंतर दोघे एकत्र राहिले नाहीत.

१८७० ते १८७३ दरम्यान क्रुप यांनी रूर नदीकाठच्या टेकडीवर 'व्हिला ह्यूगेल' हे २६९ खोल्यांचे निवासस्थान बांधले. आराखडे बऱ्याच अंशी त्यांचे स्वतःचे होते. आगीची त्यांना भीती असल्याने लाकडाऐवजी दगड व लोखंड यांवर भर होता. वास्तुशास्त्रज्ञांशी त्यांचे सतत खटके उडाले. युरोपातील राजेमहाराजे व सेनापती येथे पाहुणे म्हणून येत. घरमालक मात्र उतारवयात एकटे पडले होते. ते निद्रानाशाने त्रस्त होते आणि अंथरुणात बसून कारखान्याच्या अधिकाऱ्यांना टिपणे लिहीत राहत. त्यांनी लिहिलेली हजारो पत्रे व टिपणे उपलब्ध आहेत. राजाने देऊ केलेली सरदारकी त्यांनी नाकारली.

१४ जुलै १८८७ रोजी हृदयविकाराच्या झटक्याने त्यांचा मृत्यू झाला. कारखाना अविभक्त राहावा, अशी व्यवस्था करून तो संपूर्ण मुलाकडे सोपवण्यात आला. वडिलांनी शेवटचे दिवस काढलेले कारखान्याशेजारचे छोटे घर क्रुप यांनी हेतुपूर्वक जपून ठेवले होते. दुसऱ्या महायुद्धातील बॉम्बहल्ल्यात ते नष्ट झाले. १९६१ मध्ये त्याची प्रतिकृती उभारण्यात आली.

भारताशी संबंधित बाबी

क्रुप यांना धावेचे पेटंट मिळाले त्याच वर्षी, १६ एप्रिल १८५३ रोजी, बोरीबंदर ते ठाणे ही भारतातील पहिली प्रवासी आगगाडी धावली. भारतीय रेल्वेला लागणारे रूळ, चाके व धावा पुढे कित्येक दशके परदेशांतूनच येत. मराठवाड्याच्या दक्षिण भागात रेल्वे आली ती बार्शी लाइट रेल्वेच्या रूपाने. एव्हरार्ड कॅल्थ्रॉप या इंग्रज अभियंत्याने आखलेला हा ७६२ मिलिमीटर रुंदीचा अरुंदमापी मार्ग १८९७ मध्ये बार्शी ते कुर्डुवाडी असा सुरू झाला व १९११ मध्ये लातूरला पोहोचला. इंजिन असो वा डबा, प्रत्येक आसावर ५ टनांपेक्षा जास्त भार नसावा, हे त्याच्या आखणीचे सूत्र होते. धाराशिव जिल्ह्यातील कळंब शहर या मार्गावर नाही. त्याच्या नावाचे 'कळंब रोड' हे स्थानक मात्र या मार्गावर आहे. त्या काळी तत्कालीन हैदराबाद संस्थानातील या तालुक्यात लोहाराने सांधलेली बैलगाडीची धाव आणि कारखान्यात तयार झालेली आगगाडीची धाव, अशा दोन्ही धावा एकाच मुलखात फिरू लागल्या.

भारतात रेल्वेच्या धावा बनवण्याचे काम पुढे जमशेदपूर येथील टाटांच्या कारखान्यात सुरू झाले. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात धाव चढवलेल्या चाकांची जागा एकसंध चाकांनी घेतली. अशी चाके दुर्गापूर येथे ठोकून, तर बंगळूरजवळील येलहंका येथे ओतून तयार होतात. वेगळ्या धावेचा धोका पूर्णपणे संपला होता असे मात्र नाही. ३ जून १९९८ रोजी जर्मनीतील एशेडे येथे अतिवेगवान गाडीच्या चाकाची धाव तुटून १०१ जणांचा मृत्यू झाला. तेथे दोष सांध्याचा नव्हता, कारण धाव बिनसांध्याचीच होती. झिजून पातळ झालेल्या धावेत आतून वाढत गेलेली भेग वेळेवर लक्षात आली नव्हती.

लाटून बिनसांध्याची कडी तयार करण्याची पद्धत चाकांपुरती राहिली नाही. मोठ्या बेअरिंगच्या कड्या, दंतचक्रांचे घेर, जेट इंजिनांची आवरणे आणि पवनचक्कीचे मनोरे व पाती जोडणारी प्रचंड वलये याच तत्त्वावर होतात. आता गट्टूला चीर देऊन पाचरी ठोकत नाहीत. दाबयंत्राने मधोमध भोक पाडतात आणि वलयाची जाडी व उंची एकाच वेळी नियंत्रित करणाऱ्या यंत्रावर लाटतात.

क्रुप कंपनीचा भारताशी थेट संबंध स्वातंत्र्यानंतर वाढला. ओडिशातील राउरकेला पोलाद कारखाना १९५० च्या दशकात क्रुप व डेमाग या जर्मन कंपन्यांच्या तांत्रिक सहकार्याने उभारण्यात आला. पुण्याजवळ पिंपरी येथे बकाउ-वुल्फ या नावाने सुरू झालेला व साखर कारखान्यांची यंत्रसामग्री बनवणारा कारखाना पुढे क्रुप समूहाच्या नावाने ओळखला जाऊ लागला. १९९९ मध्ये क्रुप व टिसेन या कंपन्यांचे विलीनीकरण होऊन टिसेनक्रुप ही कंपनी स्थापन झाली. तिच्या चिन्हात तीन धावा कायम ठेवण्यात आल्या.